काकाने कानस मारलेली चेतक

बरेच महिने इथे काही लिहिणं झालं नाही. मध्ये दोन-तीन जणांनी विचारलंही, ब्लॉग बंद केलास का म्हणून. बंद नाही केला, पण एक लेख घशात अडकून बसला होता आणि तो बाहेर पडेपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं. लेख आहे आमच्या स्कूटरचा. १९८४ सालची आकाशी रंगाची बजाज चेतक. घरातली जी मंडळी हे वाचतात त्यांना ही गोष्ट अर्धी ठाऊक आहे. उरलेली अर्धी २०२२ पर्यंत मलाही ठाऊक नव्हती.

आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. "नसता शहाणपणा केला नसता तर ती गाडी पडली नसती." शहाणपणा करणारा म्हणजे माझा काका. पडणारे आम्ही तिघं - बाबा, आई आणि मी. हे वाक्य म्हणायचा मान बहुतेक वेळा आजीचा असायचा. बाबा स्वतः ते कधी म्हणाले नाहीत, पण कुणाला अडवलंही नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी गाडी घरात कशी आली ते सांगतो. आजोबांनी १९७६ साली नंबर लावला आणि गाडी आली १९८४ च्या डिसेंबरात. आठ वर्षं. आज हे सांगितलं की माझी मुलगी म्हणते, "मग तोपर्यंत दुसरी का नाही घेतली?" दुसरी कुठून आणणार! कारखान्याने वर्षाला किती स्कूटरी बनवायच्या हे सरकारच्या परवान्यावर ठरायचं. परदेशातला कुणी नातेवाईक परकीय चलनात पैसे भरायला तयार असेल तर गाडी लवकर मिळायची. आमचं कुणी परदेशात नव्हतं. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये 'प्रिया' बनायची, लखनौला स्कूटर्स इंडियाची 'विजय' बनायची, पण आजोबांचं म्हणणं एकच - चेतक. नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा आजोबा नव्हते. गाडी बाबांच्या नावावर झाली. पहिल्या दिवशी तिला हार घालून आजोबांच्या फोटोसमोरच्या अंगणात उभी केली होती, तो कृष्णधवल फोटो अजून आहे.

या गाडीचं मूळ आपल्याकडचं नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. इटलीत पियाजिओ ही विमानं बनवणारी कंपनी. महायुद्धात तिचा पॉन्तेदेराचा कारखाना बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला, आणि युद्ध संपल्यावर विमानं बनवायची सोयही राहिली नाही. एन्रिको पियाजिओने कोर्रादिनो दास्कानिओ या आपल्या अभियंत्याला लोकांना परवडेल अशी दुचाकी काढायला सांगितलं. दास्कानिओ मुळात हेलिकॉप्टरचा माणूस, आणि मोटरसायकल त्याला मनापासून नावडती. चेन नको, कपड्यांना तेल लागायला नको, गियर हाताशी हवा, चाक चटकन बदलता यायला हवं. विमानाच्या चाकासारखं पुढचं चाक त्याने एकाच बाजूने धरलं, इंजिन थेट मागच्या चाकाला जोडून टाकलं, आणि पत्र्याच्या अंगालाच सांगाडा केलं. २३ एप्रिल १९४६ ला व्हेस्पाच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला.

आपल्याकडे बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून दुचाक्या-तिचाक्या आयात करून विकत होती. १९५९ साली सरकारकडून बनवायचा परवाना मिळाला, पियाजिओशी करार झाला, आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून व्हेस्पा बाहेर पडू लागली. १९७१ साली करार संपला. त्याचं नूतनीकरण झालं नाही, कारण त्या काळचं धोरणच परदेशी करारांच्या विरुद्ध होतं. मग १९७२ साली, व्हेस्पा स्प्रिंटच्या बांध्यावर, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. नाव आपलं, बांधा इटलीचा. इंजिन १४५.४५ सीसी, बोअर ५७ मिलीमीटर आणि स्ट्रोकही ५७. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक.

आता थोडं टू-स्ट्रोकबद्दल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद उड्या मारून जा, पण मग शेवटी तक्रार करू नका :)

साध्या भाषेत सांगायचं तर या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. जोसेफ डे नावाच्या इंग्रजाने १८९१ च्या सुमारास ही रचना काढली. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी होते, तिथे पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर ढकललं जातं. जळालेला धूर बाहेर जायची खिडकी, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, सिलिंडरच्याच भिंतीत असते आणि पिस्टनच तिचं झाकण. व्हेस्पाच्या आणि पर्यायाने चेतकच्या इंजिनात आत येण्याच्या वाटेचं दार म्हणजे क्रँकचीच एक चकती. ती फिरता फिरता दार उघडते आणि मिटते. इतके कमी भाग, म्हणून कोपऱ्यावरचा मेकॅनिकही तासाभरात इंजिन उघडून बसायचा.

पण यात दोन गोम आहेत. एक, क्रँककेसमधून मिश्रण जातं म्हणून तिथे वेगळं ऑइल ठेवता येत नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोल आत गेलं तरच ऑइल आत जाणार. दुसरी, क्रँककेस हवाबंद राहिली पाहिजे. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात, त्यातून हवा आत आली की सगळा हिशोब बिघडतो. या दोन वाक्यांत आमच्या घरातला तीस वर्षांचा अबोला आहे म्हणा ना.

काका बाबांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. आयटीआय करून भोसरीच्या एका वर्कशॉपात टूलरूमला होता. हात सोन्याचा. आमच्या घरातल्या मिक्सरपासून आजीच्या चष्म्याच्या दांडीपर्यंत सगळं त्याने कधी ना कधी दुरुस्त केलेलं. त्याला रेसिंगचं वेड होतं. तेव्हा मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्यांची वर्णनं आलेली इंग्रजी मासिकं तो रद्दीतून शोधून आणायचा आणि डिक्शनरी घेऊन वाचायचा.

त्याचा देव म्हणजे वॉल्टर काडेन. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याचा इंजिनियर. महायुद्धात हेन्शेल कंपनीच्या एचएस २९३ या विमानातून सोडायच्या बॉम्बवर काम केलेला माणूस. पुढे त्याने टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा ध्यास घेतला. धुराबरोबर एक दाबाची लाट नळीतून जाते. नळी पुढे रुंद होत गेली की लाट उलटी ओढ घेऊन परत येते आणि सिलिंडर साफ करते. मग नळी निमुळती झाली की लाट दाब घेऊन परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. डीकेडब्ल्यूच्या एरिक वोल्फने असले पाइप आधी वापरले होते, काडेनने ऑसिलोस्कोप लावून त्याचं शास्त्र केलं. १९६१ साली त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीवेळी पळून पश्चिमेकडे गेला, सुझुकीला मिळाला, आणि १९६२ चं ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीच्या गाडीवर जिंकला. काका ही गोष्ट अशी सांगायचा, की जणू डेगनर आमच्या गल्लीतून पळून गेला होता.

तर १९८८ साली काकाने बाबांची चेतक उघडली. निमित्त होतं कात्रजचा घाट. तिघं बसून सामान घेतलं की गाडी दुसऱ्या गियरमध्ये रडायची. बाबा म्हणाले, काही करता येईल का बघ. (हेही लक्षात ठेवा. सुरुवात बाबांनी केली होती.) काकाने दोन रविवार घेतले. अर्धगोल कानशीने एक्झॉस्ट पोर्टची वरची कड दीड मिलीमीटर वर घेतली. हेड लेथवर पाऊण मिलीमीटर घासून आणलं. कार्ब्युरेटरचा मेन जेट दोन नंबर मोठा टाकला. सायलेन्सर कापून आतली जाळी काढली आणि परत वेल्ड केला.

आज मला दिसतं, की घाटासाठी हे उलटं झालं. पोर्ट वर घेतला की धुराची खिडकी लवकर उघडते. त्याने इंजिन चढ्या फेऱ्यांना मोकळं होतं, पण खालची ओढ कमी होते. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं की ती थोडी भरून निघते, पूर्ण नाही. शिवाय वर घेतलेल्या पोर्टला काडेनच्या हिशोबाचा पाइप हवा. नुसती जाळी काढलेला सायलेन्सर काय लाट परतवणार? तो आवाज वाढवतो फक्त. थोडक्यात, जुन्या मुंबई रस्त्यावर गाडी भन्नाट पळू लागली, आणि कात्रजला पूर्वीपेक्षा जास्त पिळावी लागू लागली. काका शर्यतीची गाडी वाचत होता, बाबांना ओझ्याची गाडी हवी होती. दोघांपैकी कुणाला हे तेव्हा कळलं नाही. बाबा मात्र गाडीवर खूश होते, असं आई सांगते.

मे १९९१. वाईला आत्याकडे मुंज होती. मी आठ वर्षांचा, पुढे फूटबोर्डवर उभा. मागे आई, आईच्या मांडीवर पिशवी. खंडाळ्याकडून खंबाटकीचा घाट चढलो, तेव्हा बोगदा वगैरे काही नव्हतं. वर पोचेपर्यंत इंजिनाचा वास येत होता हे मला आठवतं. वर थांबून पाणी प्यायलो आणि उतरायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर मागचं चाक एकदम थिजलं. टायर किंचाळला, गाडी आडवी झाली आणि आम्ही तिघं रस्त्यावर. मागून येणारा ट्रक थांबला हे नशीब. बाबांचं मनगट मोडलं, आईच्या गुडघ्याला सात टाके. मला खरचटण्यापलीकडे काही नाही.

इंजिन सीझ झालं होतं. सिलिंडरच्या भिंतीला पिस्टन चिकटून बसला. सगळ्यांचा निकाल तिथल्या तिथे लागला. ज्याने इंजिनात नाही ते उद्योग केले त्याच्यामुळे झालं. काका हॉस्पिटलात आला तेव्हा आजी त्याला सगळ्यांदेखत बोलली. तो काहीच बोलला नाही. पुढे वर्षभरात त्याने चिंचवडला वेगळी खोली घेतली. सणावाराला यायचा, जेवायचा, जायचा. दोघा भावांमधलं बोलणं "कसं काय" आणि "बरं आहे" एवढ्यावर येऊन थांबलं. काडेनची गोष्ट मी त्यानंतर त्याच्या तोंडून ऐकली नाही.

गाडी बाबांनी एका मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतली. त्याने ब्लॉक पहिल्या ओव्हरसाइजला बोअर केला, नवा पिस्टन टाकला. नंतर १९९८ साली घरात फोर-स्ट्रोक मोटरसायकल आली आणि चेतक शेडमध्ये गेली. तिकडे काळही बदलला. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणातला काही भाग न जळताच धुराबरोबर निसटतो, वर ऑइलचा धूर, त्यामुळे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी ही इंजिनं मागे पडली. २००० च्या दशकाच्या मध्यावर जुनी चेतक बनणं थांबलं. २०२० साली चेतक नावाने विजेची गाडी विकायला आली, ती चांगली असेलही, पण तिला किक नाही.

काका २०२१ मध्ये गेला. त्याने लग्न केलं नव्हतं, खोली आवरायचं काम माझ्याकडे आलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही. एवढंच, की त्यानंतर मला शेडमधली चेतक चालू करावीशी वाटली. का, ते नीट सांगता येणार नाही.

२०२२ च्या जानेवारीत कामाला लागलो. टाकी आतून गंजली होती ती साफ केली. कार्ब्युरेटर उघडून सगळे जेट फुंकले. पॉइंटवर पांढरी बुरशी होती, ती पॉलिश पेपरने काढून गॅप लावला. सायलेन्सर कार्बनने भरला होता, तो जुन्या पद्धतीने भट्टीत भाजून ठोकून मोकळा केला. नवा प्लग लावला, गाडी तिरकी केली, आणि अकराव्या किकला ती सुरू झाली. शेजारचे लोक धूर बघायला बाहेर आले. बाबा गॅलरीत उभे होते. ते आत गेले.

मग खरा त्रास सुरू झाला. गाडी चालायची, पण अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली यायची नाही. सिग्नलला उभी असताना आपोआप ओरडायला लागायची. कधी बरोबर, कधी पिसाळलेली. आठ दिवसांनी वारज्याजवळ चालत्या गाडीचा आवाज एकदम घुसमटला. मला खंबाटकी आठवली आणि बोटांनी आपोआप क्लच दाबला, म्हणून चाक थिजलं नाही. थंड झाल्यावर किक फिरली. हलकं सीझिंग होतं. प्लग काढून पाहिला तर पांढराफटक. बिस्किटासारखा तपकिरी असायला हवा. पांढरा म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त.

नाना पेठेत जिथून मी सामान घेत होतो तिथे गाडी दाखवली. तिथल्या मुलाने हेड काढून पोर्ट पाहिला आणि लगेच म्हणाला, "साहेब, कुणीतरी कानस मारलीये. म्हणून गरम होते. ब्लॉकच बदला." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तिसऱ्यानेही. मी जेट एक नंबर मोठा टाकला. मग अजून एक. गाडी सुरू व्हायला त्रास देऊ लागली, ट्रॅफिकमध्ये भकभक करू लागली, पण जोरात चालवली की प्लग पुन्हा पांढरा. पेट्रोल वाढवूनही पांढरा, याचा अर्थ काय? मी बरेच दिवस अर्थ लावलाच नाही. कारण दोष माझ्याकडे तयार होता. काकाची कानस.

बदल केलेल्या यंत्राचं हे असं होतं. बदल डोळ्यांना दिसतो. त्यामुळे पुढे जे काही बिघडेल ते त्याच्या खात्यावर जमा होतं आणि बाकीचं कुणी तपासत नाही. मूळ अवस्थेतल्या गाडीला आपण विचारतो, काय बिघडलंय? बदल केलेल्या गाडीला विचारतो, कुणी बिघडवलंय?

शेवटी एका दुपारी चुकून सुगावा लागला. इंजिन गरम असताना चोक ओढला गेला आणि ओरडणारी रेस एकदम शहाण्यासारखी खाली आली. गरम इंजिनाला चोक मानवतो म्हणजे कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. कार्ब्युरेटरचे गॅस्केट नवे होते, मीच बदलले होते. मग उरलं काय? क्रँकचं सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गियरबॉक्सचं ऑइल ओढतं, पांढऱ्या धुराचा लोट निघतो. तसं नव्हतं. म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचं. पुलर लावून मॅग्नेट काढला. आतली प्लेट कोरडी असायला हवी, ती पेट्रोल-ऑइलने ओलीचिंब होती. सील काढलं तर ते रबर राहिलंच नव्हतं, बेकेलाइटसारखं कडक झालेलं. नखाने तुकडा पडला.

सील नवं घातलं. जेट काकाने टाकला होता त्याच नंबरचा परत लावला. पोर्टला हात लावला नाही. प्लग तिसऱ्या दिवशी तपकिरी आला आणि रेस जागेवर राहू लागली.

म्हणजे १९९१ सालीही सीलच गेलं होतं का? तेव्हा ते सात वर्षांचं होतं. तसं असेल किंवा नसेल, त्याचा पुरावा गेला. पण दुसरा एक पुरावा माझ्याकडे होता, आणि तो वर्षभर माझ्याच कपाटात होता. काकाच्या खोलीतून आणलेल्या सामानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पिस्टन आणि एक वही. पिस्टन १९९१ चा. मेकॅनिककडून त्याने तो मागून घेतला असणार.

आता पिस्टन बघून थोडंफार कळतं. कॉम्प्रेशन वाजवीपेक्षा जास्त होऊन आत ठोके बसत असतील तर डोक्याच्या कडा वाळू मारल्यासारख्या खडबडीत होतात. फारच झालं तर वितळतात. याचं डोकं गुळगुळीत होतं. ओरखडे सगळे खाली, अंगावर, उभेच्या उभे. म्हणजे घासलेल्या हेडने मारलेला हा पिस्टन दिसत नव्हता. सुकल्यामुळे चिकटलेला दिसत होता. ऑइल पोचलं नव्हतं.

आणि उतारावर ऑइल का पोचत नाही ते वर सांगितलंय. गाडी गियरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद आहे, उतार इंजिनाला ढकलतोय. पिस्टन हजारो फेऱ्या मारतोय, पण पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणून ऑइलही बंद. त्यातून इंजिन चढणीने आधीच तापलेलं, आणि त्या तापण्यात वर घेतलेल्या पोर्टचा वाटा होताच, ते मी नाकारत नाही. टू-स्ट्रोकवाले जुने लोक म्हणून उतारावर अधूनमधून थोडी रेस द्यायचे, नाहीतर क्लच दाबून उतरायचे.

वहीत काकाने १९८८ ची सगळी मापं लिहिली होती. पोर्ट, हेड, जेट, टायमिंग किंचित मागे. शेवटच्या पानावर 'दादाला सांगणे' असा मथळा आणि खाली पाच कलमं. ऑइल चांगलं घालणे. पहिले पाचशे किलोमीटर सावकाश. सायलेन्सर साफ करणे. जास्त वेळ दुसऱ्यात पिळू नये. पाचवं - उतारावर बंद अ‍ॅक्सिलरेटरने गियरमध्ये उतरू नये, मध्ये मध्ये रेस देणे. पहिल्या चार कलमांपुढे बरोबरची खूण होती. पाचव्यापुढे नव्हती.

मी त्या पानाकडे बराच वेळ बघत बसलो. मला वाटलं सापडलं. काका सांगायचं विसरला, आणि हे त्याला ठाऊक होतं. म्हणून हॉस्पिटलात गप्प राहिला, म्हणून पिस्टन जपून ठेवला. सगळं जुळत होतं. लेखही डोक्यात तयार झाला होता. इथे टाकणारच होतो.

पण त्याआधी वही बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाचही कलमं वाचली. वही मिटली. मग म्हणाले, "हे त्याने सांगितलं होतं मला."

मी म्हटलं, "खूण नाहीये."

"खूण नसेल. दारात उभं राहून सांगितलं होतं, वाईला निघायच्या आदल्या दिवशी. आखाती भानगडीनंतर पेट्रोल महागलं होतं. मी म्हटलं, उतारावर कसलं पेट्रोल जाळायचं? गियरात सोडली की ब्रेकही वाचतो."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मीच विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं. आई त्याला बोलत होती, मला भूल दिलेली. नंतर शुद्धीवर आलो तोवर निकाल लागला होता. मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं." आणि मग, "तो तरी का नाही बोलला?"

याचं उत्तर वहीत नाही, पिस्टनवरही नाही. मी आपला खुणेच्या नसण्यावरून अख्खा इतिहास रचून मोकळा झालो होतो. साक्षीदार घरातच बसलेला, दोन खोल्या पलीकडे, आणि त्याला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. आम्ही सगळे कानशीची खूण बघत बसलो.

बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या संध्याकाळी ते शेडमध्ये आले. नाना पेठेतून आणलेला मूळ मापाचा ब्लॉक मी बाकावर ठेवला होता, गाडी पुन्हा कंपनीसारखी करावी असा विचार होता. त्यांनी तो उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

"हा कशाला? त्याचाच राहू दे."

तर काकाचाच ब्लॉक राहिला. गाडी आता रविवारी सकाळी कात्रजपर्यंत जाऊन येते. चढावर अजूनही रडते, पोर्ट वर घेतलेलं इंजिन खालच्या फेऱ्यांना रडणारच. नवा ब्लॉक डब्याशेजारी ठेवलाय, कुणाला हवा असेल तर सांगा.

मी निघताना बाबा गॅलरीत येतात आणि दर वेळी तेच सांगतात. "उतारावर रेस देत जा रे."

देतो.